मत्सर ओळखणारी बाटली

खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या घराखाली त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष भातखाचरातले मासे धरायचे सोडून आले होते, बायका पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या. मधोमध आमचं निळीचं पिंप होतं आणि पिंपाशेजारी बदकाच्या रश्श्याने ओठ चकचकीत झालेला लुंग भगत उभा होता.

आमच्याकडे निळीच्या पिंपाला आजी म्हणतात. तिला तांदळाची दारू पाजतात, गारठा पडला की गोधडी पांघरतात, आणि कुणाला भांडायचं असेल तर तिच्यापासून लांब जाऊन भांडतात. तर आमची ही आजी मेली होती. वरचा फेस गेला, तांब्याच्या रंगाची साय गेली आणि खाली नुसतं गढूळ निळं पाणी उरलं. त्यात कापड बुडवलं की धुताना सगळा रंग ओढ्यात वाहून जायचा. सासूबाई तर सुतक असल्यासारख्या जेवत नव्हत्या.

"आजीला नजर लागलीय," भगत डोळे मिटून म्हणाला. "याच घरात कुणाच्या तरी पोटात मत्सर आहे. मत्सराच्या हाताने पिंप मरतं."

"कुणाच्या, महाराज?" सासूबाईंनी विचारलं.

"मी पामर काय सांगणार? पाणी सांगेल!" त्याने झोळीतून बूच घट्ट बसवलेली काचेची बाटली काढली. आत निम्म्यापर्यंत निवळ पाणी होतं. "सात डोंगरांपलीकडच्या सात झऱ्यांचं पाणी. प्रत्येक झऱ्यावर एक वाघ. सातही वाघांनी मला वाट दिली!"

आमच्या डोंगरात वाघ कुणीच पाहिलेला नाही. पण गर्दीने 'अगं बाई' म्हणून घेतलं.

आता माझं सांगते. मी आइल्यान, या घरातली थोरली सून. आसपासच्या गावांत शोधूनही माझ्याइतकी जळकी बाई सापडली नसती. धाकटी जाऊ मान्शिउ लग्न होऊन आली तेव्हा तिला पिंपात हात कसा घालायचा हेसुद्धा मी शिकवलं. आणि पुढे तिच्याच कापडावर असा तजेला यायला लागला, की शहरातून येणारी गिऱ्हाइकं माझ्या कापडाला हात न लावता तिच्याकडे वळायची. तजेला यावा म्हणून ती कापड कुटायला बसली की तिच्या मोगरीचा प्रत्येक ठोका माझ्या डोक्यात पडायचा. हे गावात सर्वांना माहीत होतं, कारण मी ते कधी लपवलंच नाही. भगत आदल्या दिवसापासून घरोघर जेवत होता. त्याचं तोंड भरलेलं असलं तरी कान मोकळे होते.

बाटली पाटावर ठेवली. सासूबाईंनी हात लावला, पाणी निवळ राहिलं. मान्शिउने भीत भीत लावला, तरी निवळ. मग माझी पाळी आली.

"तू थोरली," भगत म्हणाला, "तुझा मान मोठा. बाटली उचल, कपाळाला लाव आणि चारी दिशांना वाकून नमस्कार घाल. चांगली खाली वाक!"

मी वाकले, उठले, पुन्हा वाकले. चौथ्या दिशेला पोचते तोवर गर्दीत ओरड झाली. माझ्या हातातलं पाणी गडद निळं झालं होतं.

 मनात म्हटलं, खरंच की काय? जळते तर मी आहेच.

"हीच ती!" भगत गरजला. "आजपासून हिचा हात पिंपात पडता कामा नये. नवं पिंप लावलं तरी नाही. जन्मभर नाही!"

सासूबाईंनी माझ्याकडे न बघता मान हलवली. आमच्याकडे ज्या बाईची बोटं निळी नाहीत ती बाई पाहुणी. माझी बोटं मी लहान होते तेव्हापासून निळी आहेत. मला रडू आलं, आणि त्याच्या मागोमाग राग आला.

"आण ती बाटली," भगत म्हणाला.

"नाही देत," मी बाटली मांडीवर घेऊन तिथेच बसले. "माझा मत्सर आहे ना यात? मग बाटली माझी."

"अगं, देवाची वस्तू आहे ती!"

"मग देवाला न्यायला येऊ दे."

कुणीतरी हसलं. कुणी मला शिव्या दिल्या. सासूबाई भगताला विचारत होत्या की शांतीला बदक चालेल की डुक्करच हवं. आणि मी मांडीवर बघत होते. निळा रंग फिका होत होता. बघता बघता पाणी पुन्हा निवळ झालं.

"पाहा!" भगताने चपळाईने संधी साधली. "हिला पश्चात्ताप झाला! मत्सर गेला!"

"कुठे गेला?" मी उठून उभी राहिले. "मी आत्ताही जळतेय. या मान्शिउच्या अंगावरचं जाकीट बघून तर जास्तच जळतेय. मग पाणी निवळ कसं?"

 मी बाटली सासूबाईंच्या हातात दिली. "सासूबाई, तुमचाही मान मोठा. चारी दिशांना घाला नमस्कार. चांगल्या खाली वाका."

म्हातारी भाबडेपणाने वाकली. पाणी निळंशार!

"सासूबाई, तुम्ही हो कुणावर जळता?"

"मेले, मी कशाला जळू?" त्यांनी बाटली निखारा टाकावा तशी माझ्याकडे टाकली.

पाणी पुन्हा निवळ होईपर्यंत मी थांबले. "आता महाराजांनी नमस्कार घालावा."

भगताने झोळी उचलली. पण वाट अडवून मासे धरणारे उभे होते, त्यांच्या हातात जाळी नव्हती एवढंच. भगताला वाकावं लागलं. तो वाकलाही अगदी जपून, तान्हं मूल घेतल्यासारखा. "हलवा की जरा!" कुणीतरी ओरडून त्याचा दंड हलवला, आणि महाराजांचा मत्सरही निळा निघाला.

"हलवलं की निळं होतं," मी म्हटलं. "आपलं कापड पिंपातून हिरवट निघतं आणि वारा लागला की निळं होतं, तसंच हे."

"काहीतरीच," मान्शिउ म्हणाली. "बंद बाटलीत वारा कुठला, जाऊबाई?"

चूक तिची नव्हती. आम्ही वारा म्हणजे दोरीवरचं कापड हलवतो तो, एवढंच ओळखतो.

"बाटली अर्धी रिकामी आहे. ती कशाने भरलीय, पुण्याईने?"

शाळेत विज्ञान शिकवणारे ओऊ मास्तर पुढे आले. त्यांनी बूच काढून वास घेतला, एक थेंब बोटावर चोळून लगेच धुतला. "बुळबुळीत आहे, म्हणजे कॉस्टिक सोडा. दवाखान्यातली ग्लुकोजची साखर असणार. आणि माशांना बुरशी आली की तुम्ही पाण्यात टाकता ते निळं औषध, दोन थेंब. साखर त्याचा रंग घालवते. हलवलं की वरच्या हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो आणि रंग परत आणतो. याला ऑक्सिडीकरण म्हणतात. वाघ एकही लागत नाही."

"मग आजी कशाने मेली?" सासूबाईंनी विचारलं.

"पिंपात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते निळीतून प्राणवायू काढून घेतात, म्हणून रंग पाण्यात विरघळून कापडात शिरतो. पण प्रत्येक कापडाबरोबर थोडी हवा आत जाते. विश्रांती न देता कापडं बुडवत राहिलं, तर जीव दमतात आणि नीळ पिंपातच निळी होऊन बसते. कुणी फार कापडं बुडवली का?"

 मग मान्शिउ हुंदके द्यायला लागली. "मी बुडवली. रोज पहाटे, कुणी उठायच्या आत. सणाला गाव जमतं त्या ढोलाच्या मनोऱ्याखाली म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, तजेला धाकटीचा असेल, पण खोल रंग थोरलीचाच. मला ते सहन होईना. मला जाऊबाईंपेक्षा गडद रंग हवा होता."

म्हणजे तीही माझ्यावर जळत होती! मला इतका आनंद झाला की तो तोंडावर दिसू नये म्हणून मी बाहीने नाक पुसलं.

आजी मेली नव्हती, नुसती थकली होती. आम्ही तिला गोधडीत गुंडाळलं, राखेचं पाणी घातलं, दारू पाजली आणि कुणालाही हात लावू दिला नाही. काही दिवसांनी फेस आला, साय आली. पहिलं कापड सासूबाईंनी माझ्या हातात दिलं. ते हिरवं निघालं आणि वाऱ्यावर निळं झालं. दुसरं मान्शिउने बुडवलं. ते माझ्याहून सुरेख निघालं. मी पिंपाच्या काठावर उभी राहून मनसोक्त जळले, आणि आजीला काहीसुद्धा झालं नाही.

मत्सराने माझी झोप मरते, भूक मरते. पिंप मरत नाही. तेव्हा बायांनो, कुणी पाण्याची बाटली पुढे करून तुमच्या घरातल्या बाईचं मन वाचायला लागला, तर आधी बाटली किती रिकामी आहे ते बघा. मग ती त्याच्याच हातात द्या, आणि म्हणावं, आता नीट हलवा.