एक तरी स्पष्ट फोटो

दातांच्या डॉक्टरांचं सगळं आयुष्य भरपूर उजेडात गेलं होतं. दवाखान्यात खुर्चीच्या डोक्यावर दिवा, तो हवा तसा वाकवायचा. समोरचा माणूस आडवा, तोंड उघडं, आणि एकदा "हलू नका" म्हटलं की भल्याभल्यांची हलायची टाप नव्हती. अशा माणसाला फोटो काढायचा नाद लागावा, हे समजण्यासारखं आहे. पण त्याने लेकीच्या शाळेच्या हॉलमध्ये व्हॉलीबॉलचे सामने टिपायला जावं, म्हणजे आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं होतं.

तो हॉल मुळात गोदाम म्हणून बांधला असावा. खिडक्या छताला चिकटलेल्या, आणि त्यांच्या काचांवर कुणीतरी रंग फासलेला. दिवे होते, पण काही गेलेले, काही जायच्या बेतात, आणि उरलेले नुसते अब्रू राखण्यापुरते जळत. मागच्या डाव्या कोपऱ्यावर तेवढा एक दिवा ठणठणीत होता. शाळेने दिवे बदलायला तिथून सुरुवात केली होती आणि तिथेच उरकलीही होती.

त्या अंधारात पोरी उड्या मारायच्या, लोळायच्या, भिरभिरायच्या, आणि डॉक्टर कॅमेरा डोळ्याला लावून घामाघूम व्हायचे. शटर जलद ठेवलं तर फोटो काळाकुट्ट. सावकाश ठेवलं तर माणसांचं रबर. जास्त उजेड ओढायला आयएसओ चढवला तर सगळ्यांच्या चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखे ठिपके. एकदा त्यांनी फ्लॅशही उडवून पाहिला. सर्व्हिस करणारी पोरगी किंचाळली, चेंडू पंचाच्या पोटात बसला, आणि पंचाने डॉक्टरांकडे असं पाहिलं की त्यांनी फ्लॅश कायमचा कपाटात टाकला.

घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडले की बायको मागून वाकून बघायची.

"ही आपली का हो?"

"नाही. तो पंच आहे."

"मग आपली कुठेय?"

"ही काय, ही रेघ."

बायको ती रेघ निरखायची, "उंच झालीय नाही?" म्हणायची आणि आत जायची. डॉक्टर मात्र तोंड पाडून बसायचे. जेवायला तीनदा हाक मारावी लागायची.

त्यांचं मागणं तसं फार नव्हतं. लेकीचं हे शाळेचं शेवटचं वर्ष. लहानपणापासून एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला खारू म्हणत. दोन वर्षं बाकावर बसून काढल्यावर यंदा ती कशीबशी संघात आली होती. ती शाळेबाहेर पडायच्या आत खेळतानाचा तिचा एक तरी स्पष्ट फोटो आपल्या हातून निघावा, एवढंच त्यांना हवं होतं. डोळे, नाक, तोंड जागच्या जागी असलेला एकच फोटो.

एकदा जेवताना ते वैतागून म्हणाले, "त्या हॉलमध्ये फोटो येईल तर फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात. बाकी सगळी विहीर आहे." खारूने मान हलवली आणि भाजी वाढून घेतली. विषय तिथेच संपला, असं डॉक्टरांना वाटलं.

पुढच्या दोन-तीन सामन्यांत फोटो सुधारले. लख्ख आले असं नव्हे, पण खारूचं नाक ओळखू यायला लागलं. एका फोटोत तर कान होता. डॉक्टरांनी बायकोला बोलावून कान दाखवला. "सरावाने हात बसतो," ते म्हणाले आणि दवाखान्यात येणाऱ्या पेशंटांनाही, त्यांच्या तोंडात कापूस असताना, छायाचित्रणाचे चार धडे द्यायला लागले. मनातल्या मनात त्यांनी भिंतीवर जागाही ठरवून टाकली.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाच्या बाई दाढ धरून दवाखान्यात आल्या. बाईंचा आवाज मैदानावर कमावलेला. खुर्चीत आडव्या झाल्या तरी तो उभाच होता.

"डॉक्टर, दाढेचं काय ते करा. पण आधी तुमच्या मुलीचं सांगते. उद्या तिला बाकावर बसवतेय."

डॉक्टरांच्या हातातली सुई हवेत थांबली. "का हो? काय झालं?"

"काय झालं ते मलाच कळत नाहीये. तिची जागा नेटजवळ, उजवीकडे. तिथे उभं राहायचं आणि आलेला चेंडू पुढचीला मारायला उचलून द्यायचा. हात काय सुंदर आहे तिचा! पण हल्ली जरा सवड मिळाली की मागे सरकते. मागे आणि डावीकडे. त्या कोपऱ्यात तिचं काय पुरलंय देव जाणे. इकडे चेंडू मोकळ्या जागेत पडतोय, आणि ही तिकडे उभी, मान वर करून! ओरडून ओरडून घसा बसला माझा. डोळे तपासून घ्या एकदा तिचे."

डॉक्टरांनी घाईघाईने इंजेक्शन दिलं. बाईंचा अर्धा जबडा बधिर झाला, तोंडात नळी लागली, आणि मग कुठे डॉक्टरांना बोलायचा धीर झाला. बोलणाऱ्याला टोकता येणार नाही अशी जागा त्यांच्याकडे तेवढी एकच होती.

"बाई, डोळे उत्तम आहेत तिचे. दोष माझा आहे. त्या कोपऱ्यात उजेड आहे. तिथेच फोटो येतो, असं मी एकदा घरी बोलून गेलो. मला फोटो मिळावा म्हणून ती तिकडे जात असणार. मला आत्ता कळतंय."

बाईंचे डोळे एवढे मोठे झाले की दाढ राहिली बाजूला. "आँ!" त्या म्हणाल्या. मग आणखी एकदा, जरा लांबवून, "आँऽऽ!" डॉक्टरांनी मान खाली घालून ड्रिल चालू केलं.

चूळ भरल्यावर बाई उठून बसल्या. ओठ एका बाजूला ओघळलेला होता, पण राग दोन्ही बाजूंनी पुरेपूर होता.

"तुमच्या हौसेपायी पोरीचा खेळ मातीत चालला होता, डॉक्टर! आता ऐका. तिला खेळवते, पण एका रात्रीत सवय मोडायची नाही तिची. तेव्हा उद्या तुम्ही उजवीकडे, नेटच्या रेषेत बसायचं. कॅमेरा डोळ्याला, तोंड बंद. कॅमेरा जिथे असेल तिथे राहील ती. एकदा जरी कोपऱ्यात गेली तर तिला बाहेर काढेन आणि मग तुम्हाला."

"पण तिथे तर मिट्ट काळोख असतो. फोटो..."

बाईंनी फक्त पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "बसतो."

संध्याकाळी त्यांनी खारूला समोर बसवलं. "खरं सांग, तू उजेडाकडे का जातेस?"

खारू बुटाची नाडी ओढत राहिली. "तूच म्हणालास ना, तिथेच फोटो येतो म्हणून. सामन्यावरून आलास की तोंड पाडून बसतोस. जेवत नाहीस धड. मला नाही बघवत."

डॉक्टरांनी मनात हिशेब मांडला. आपण या पोरीचा फोटो मिळावा म्हणून झुरत होतो, आणि ती आपल्याला फोटो मिळावा म्हणून स्वतःची जागा सोडत होती. त्यांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक टपलीही मारावीशी वाटली. शेवटी ते म्हणाले, "उद्या तू नेटजवळ राहा. मीही तिथेच आहे. फोटो काळा आला तरी दोन घास जास्त जेवेन, शप्पथ."

दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने सांगितल्या जागी बसले. कॅमेऱ्यातून बघावं तर कोळशाच्या पोत्यात तोंड घातल्यागत सगळं. पण बाईंचा हिशेब चुकला नव्हता. खारू मागे सरकायला लागायची, कॅमेरा शोधायची, तो समोरच दिसायचा, आणि ती जागेवर यायची. मग तिचे हात वर जायचे, आलेला चेंडू तिच्या बोटांवर क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा आणि पुढचीच्या हातावर अलगद जायचा. बाई म्हणाल्या ते खोटं नव्हतं, हात खरंच सुंदर होता. डॉक्टर काळ्या फोटोंमागून काळे फोटो काढत होते आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

सामना अटीतटीचा झाला. दोन्ही संघ बरोबरीत आले, मग खारूचा संघ एका गुणाने पुढे गेला. आता आणखी एक मिळाला की करंडक. आणि इथे डॉक्टरांमधल्या हौशी माणसाने घात केला. हा शेवटचा चेंडू, शाळेतला शेवटचा, असं त्यांच्या मनात आलं मात्र, त्यांनी शटर सावकाश केलं, आयएसओ चढवला, आणि बारशापासून हरेक फोटोच्या वेळी जे ओरडत आले होते ते त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"खारू, इकडे बघ!"

खारूने बघितलं. चेंडू हवेत असताना, अगदी शहाण्या मुलीसारखी स्तब्ध उभी राहून, ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी बटण दाबलं. त्याच वेळी मागच्या पोरीने दिलेला चेंडू तिच्या डोक्यावर धाडकन आदळला, उडाला, नेटवरून पलीकडे गेला आणि समोरच्या दोघी "तुझा, तुझा" करत असताना त्यांच्या मधोमध पडला.

पंचाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी कपाळावर हात मारला. चेंडू डोक्याला लागला तरी तो नियमात बसतो. पंचाने शिट्टी वाजवली, आणि मग काय विचारता! पोरी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. बाई तरातरा डॉक्टरांपाशी आल्या. "लोकांची तोंडं सांभाळता, स्वतःचं सांभाळता येत नाही!" एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले आणि पोरींकडे पळाल्या.

हॉलच्या पायऱ्यांवर सगळा संघ डॉक्टरांना घेरून कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर तुटून पडला. काळा, काळा, काळा, पंच, काळा. आणि मग तो आला. त्या सगळ्या हॉलमध्ये न हलणारी ती एकटीच होती, म्हणून ती एकटीच स्पष्ट आली होती. रव्याचे ठिपके होते, पण त्यातून पापण्या मोजता आल्या असत्या. एक डोळा नुकताच मिटायला लागलेला, तोंड वाकडं, आणि डोक्यावर चेंडू पांढऱ्या टोपीसारखा पसरलेला.

पोरी हसून हसून पायऱ्यांवर बसल्या. खारू लाल झाली.

"बाबा, हा डिलीट कर. आत्ताच्या आत्ता!"

डॉक्टर स्क्रीनकडे बघत राहिले. डोळे, नाक, तोंड, सगळं होतं. याच्यासाठीच तर वर्षभर त्या विहिरीत बसलो, त्यांना वाटलं. मग वाटलं, ही पोर काही न मागता आपली जागा सोडून उजेडात जाऊन उभी राहिली. आज पहिल्यांदा काहीतरी मागतेय. त्यांनी बटण दाबलं. नक्की काढून टाकू का, असं कॅमेऱ्याने विचारलं, तेव्हा पुन्हा दाबलं. स्क्रीनवर पंच आला.

"बाबा!" खारू किंचाळली. "खरंच केलास? मी उगाच म्हणत होते! एकच तर आला होता रे चांगला! कुणी काहीतरी बोललं म्हणून लगेच ऐकायचं असतं का असं?"

"हे तू मला सांगतेस?" डॉक्टर म्हणाले.

खारू त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, चेंडू लागलेलं डोकं त्यांच्या दंडाला टेकवलं आणि म्हणाली, "इथे अजून दुखतंय."