पंधरा लहाने उपग्रह

धम्मरत्न भगत बावीस वर्षं सैन्यात वायरलेसवर होता. निवृत्तीनंतर आपल्या गावी मेडशीला येऊन तूर-सोयाबीन करू लागला. त्याची लेक सपना बेंगळुरूच्या एका लहानशा कंपनीत इंजिनिअर. सैन्याच्या संदेशांसाठी त्यांनी बनवलेला पहिला उपग्रह परवाच वर गेला होता, पण त्याचा आवाज, म्हणजे पहिला संदेश, अजून खाली आला नव्हता. काम संपलं म्हणून सपना घरी आली खरी, पण तिचं सारं लक्ष फोनकडे.

खळ्यात तूर झोडताना तिनं विषय काढला. "बाबा, हा उपग्रह लय सस्त्यात बनवला आमी. मोबाइलमधल्या चिपा वापरल्या, अँटेना मशीनवर छापून काढला. एका मोठ्याच्या पैशात असे पंधरा लहाने बनते."

धम्मरत्नाच्या कपाळावर आठी पडली. "सस्त्या मालावर जवानाचा जीव टांगता काय वं? आमाले एकदा अशाच बॅटऱ्या आल्या होत्या. पह्यल्याच थंडीत फुगल्या."

"म्हनून तर चिपा आधी भाजल्या, मंग गोठवल्या. शंभरातल्या तीस मेल्या, त्या फेकल्या. अन् उद्या वर एक बंद पडला तरी चौदा राह्यतेच ना!"

धम्मरत्न झोडायचा थांबला. घरात कधीच न काढलेली गोष्ट त्याच्या तोंडून निघाली.

बर्फातली चौकी. मानोऱ्याचा देवमन, त्याचा जोडीदार, श्वास घेता येईना म्हणून तडफडत होता. उपग्रह एकच आणि त्यावर सगळ्या चौक्यांचा भार. देवमनचं डोकं मांडीवर घेऊन धम्मरत्न सेटवर हाका मारत राहिला. त्याची पाळी चार तासांनी आली. हेलिकॉप्टर आलं, देवमन वाचला, पण तोवर डाव्या पायाची बोटं थंडीनं गेली.

"चार तास?" सपनानं विचारलं.

"सेट चांगला होता, मीही चांगला होतो. वरच जागा नोती, पोरी." त्यानं पुन्हा काठी उचलली. "पंधरा म्हनतं ना तू? मंग सस्ताच बरा."

दुपारी भाकर खाताना फोन वाजला. सपनाची कंपनीतली वऱ्हाडी सोबतीण स्नेहा पलीकडून ओरडत होती, "आवाज आला वं! चांगला साफ येऊन राह्यला!" सपना रडू लागली आणि हसूही लागली. आई, बेबीताई, घाबरून चुलीपासून धावत आली. धम्मरत्नानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या हाताला तुरीचा भुसा होता, तो तिच्या केसांत राहिला.

मग त्यानं देवमनला फोन लावला. "आता कोनालेच पाळीसाठी थांबा लागनार नाही बे!"

"कायची पाळी? निवांत सांग."

त्यानं निवांत सांगितलं. देवमननं सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, "पोरगी किती दिवस हाय?"

संध्याकाळच्या एसटीतून देवमन मेडशीला उतरला. लंगडत, पेढ्यांचा पुडा छातीशी धरून.