बेबी, विभा आणि विभावरी

विभावरीबाई गोहलपुरातल्या एका शाळेत नऊ वर्षं तिसरी-चौथीला शिकवत होत्या. यंदा शाळेने फर्मान काढलं: पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जिच्याकडे बी.ए. नाही, तिने घरी बसावं. बाईंची दोन वर्षं नागपुरात झालेली. तिसरं लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात येण्यात गेलं. त्यात शहरात घरबसल्या पदवी देणारं एक पत्राचार केंद्र निघालं. त्यांची जाहिरात: आधीची वर्षं कुठल्याही गावची असोत, जमेस धरू. उरलेलं एक, नोकरी सांभाळून पुरं करा. इतकी सोय पाहूनच बाईंना संशय यायला हवा होता.

केंद्राच्या खिडकीतल्या बाबूने नागपूरच्या गुणपत्रिका उलटसुलट पाहिल्या.

"मॅडम, ये बेबी शालिग्राम देवतळे कौन हैं?"

"मैं ही हूँ."

"और विभावरी दिवाकर?"

"वो भी मैं."

"तो पढ़ाई किसने की?"

बाई सांगू लागल्या: आमच्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितो. मागची रांग कान देऊन ऐकत होती.

"सरनेम बदला, समझ गए," बाबू म्हणाला. "पर खुद का नाम? सबूत लाइए. परसों आखिरी तारीख है. नहीं तो फर्स्ट ईयर से बैठिए."

म्हणजे तीन वर्षं. शाळा थांबणार एक.

संध्याकाळी दिवाकरराव फॅक्टरीतून आले. बाईंनी चहाचा कप जरा जोरातच टेकवला.

"माझं नाव काहून बदललं हो तुम्ही?"

"मी कुठं? आई म्हणाली, घरात एक बेबी आहे. हाक मारली की दोघी येतील."

ती बेबी म्हणजे दिवाकररावांची बहीण. त्याच वर्षी ती लग्न होऊन पनागरला गेली, आणि सासरच्यांनी तिची अंजनी केली.

"म्हणजे दोन बेबी होत्या, एकही ठेवली नाही तुम्ही लोकांनी!"

"अरे, चिडून काय राहिली? ताटाचा फोटो आहे ना अल्बमात!"

फोटो होता. नवरदेव वाकलेले, जीभ दातात धरून लिहिताहेत. पण फोटोग्राफरला जेवणाची घाई असावी. अंगठी 'विभा'वर पोचली तेवढ्यात त्याने बटण दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबूने फोटो चष्म्याजवळ नेला. हिंदीची आणि मराठीची अक्षरं एकच, त्यामुळे ते त्यालाही नीट वाचता आलं.

"विभा? ये तो तीसरी निकली, मॅडम! ऐसा करो, पतिदेव का हलफनामा लाओ."

शेवटच्या दिवशी दिवाकररावांनी अर्धी रजा टाकली. कचेरीबाहेरच्या टाइपिस्टाने प्रतिज्ञापत्राचा कागद चढवून विचारलं, "नाम बदलने का कारण?" दिवाकररावांनी बायकोकडे पाहिलं.

"लिहा की खरं," बाई म्हणाल्या. "हाक मारायला सोपं जावं म्हणून."

तसंच टाइप झालं. पावणेपाचला बाबूने ते वाचलं, हसला, शिक्का मारला. दोन्ही वर्षं जमेस धरली.

"अब यहाँ साइन. पुराने नाम से, जैसा मार्कशीट पर है."

बाईंनी पेन टेकवलं आणि हात तिथेच थांबला. बेबी सही कशी करायची, ते आठवेना. 'ब'ला शेपूट होतं की नव्हतं?

"चलो ना, खिडकी बंद होईल! काय करून राहिली?" दिवाकरराव कुजबुजले.

"थांबा. अठरा वर्षांनी बोलावून राहिले तिला. यायला वेळ लागतो."

बाबू घड्याळाकडे बघत राहिला, पण खिडकी त्याने उघडी ठेवली.