तळहाताला लागणारं तेज

कारखान्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे डोळ्यांवर काळी पट्टी बांधून, मालकांनी माणसं पारखायला आणलेले तेजसाहेब बसले होते. उमेदवार समोर बसला की साहेब त्याच्या कपाळासमोर तळहात धरायचे. त्याच्या अंगी कामाचं तेज असेल, तर साहेबांचा हात थरथरायचा, चेहऱ्याला घाम फुटायचा.

"पट्टी आहे, म्हणजे वशिला नाही!" मालक कौतुकानं सांगत. कामगार हात जोडत.

मागे भिंतीला टेकलेल्या कारखान्याच्या डॉक्टरणीला मात्र हात जोडवेनात. मागच्या परीक्षेत याच तळहातानं बॉयलरवरच्या जुन्या इंजिनिअरला 'गार' ठरवलं होतं. तो भला माणूस प्रत्येक वाक्य 'मला वाटतं'नं सुरू करायचा. त्याच्या डोक्यावर एक रुबाबदार गडी प्रमुख म्हणून बसवला. झडप अडकतेय, बॉयलर बंद करून बघू, असं इंजिनिअर म्हणाला, तेव्हा प्रमुखांनी छाती काढली. "काही होत नाही. मी आहे ना!"

ते होते, पण ऑफिसात. वाफ आली ती इंजिनिअरच्या तोंडावर. दोन्ही डोळे गेले. "बघा, भित्र्यालाच अपघात होतो," मालक म्हणाले, आणि प्रमुखांना बढती दिली. प्रमुखांच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीसाठी आज पुन्हा परीक्षा होती.

सकाळी मफलर गुंडाळलेला, जाड चष्म्याचा, पोक काढलेला एक माणूस पाय ओढत आला.

"ब... बसू का?"

"बॉयलर सांभाळशील?" साहेबांनी विचारलं.

"प्रयत्न करीन, साहेब..."

"गार! मढं परवडलं!" साहेब ओरडले. हॉल खदखदून हसला.

दुपारी कोट घातलेला एकजण टाचा आपटत आला आणि न विचारता बसला.

"बॉयलर सांभाळाल?"

"बॉयलर माझ्यापुढे शेपूट घालतो!"

साहेबांचा हात लटलटू लागला, घामाच्या धारा लागल्या. "मालक, उठून उभे राहा! साक्षात अग्नी बसलाय!"

टाळ्यांच्या कडकडाटात डॉक्टरीण पुढे आली. "अग्नीला एक विचारू? प्रेशर चढलं तर काय कराल?"

"झाकण काढून फुंकर मारायची," तो ऐटीत म्हणाला. मग हळूच, "झाकण असतं ना गं त्याला?"

टाळ्या थांबल्या. कोटवाल्यानं खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, गळ्यात मफलर टाकला आणि पोक काढलं.

"अरे, हा तर सकाळचा!" कुणीतरी किंचाळलं.

"हा माझा थोरला भाऊ," डॉक्टरीण म्हणाली. "नाटकात राजे करतो. जन्मात बॉयलर पाहिलेला नाही. सकाळी मढं, दुपारी अग्नी! पट्टीनं डोळे झाकतात, कान नाही. पाऊल वाजलं, उत्तर झटकन आलं, की तेज. आवाज अडखळला, की गार. आणि घाम? श्वास कोंडून अंग आवळा, तुम्हालाही फुटेल."

तेजसाहेबांनी पट्टी ओढून काढली. "बाईंच्या वाईट लहरींनी माझी शक्ती..." पुढचं हसण्यात बुडालं. ज्यांनी हात जोडले होते, त्यांनीच त्यांना कॉलर धरून फाटकाबाहेर काढलं.

मालकांनी डॉक्टरणीला बाजूला घेतलं. "झालं ते झालं. पण तुमचे बंधू नोकरीला येतील का? छाप पडते हो त्यांची."

ती पाठ फिरवून निघाली, ती थेट इंजिनिअरच्या घरी गेली. सगळी हकीकत सांगितली. बायको पदरानं डोळे पुसत होती. इंजिनिअरनं पट्ट्यांनी गुंडाळलेलं तोंड डॉक्टरणीकडे वळवलं.

"मला वाटतं, डॉक्टर, माझ्या बाबतीत साहेब खरंच बोलले. मी गारच. नाहीतर कुणालाही न विचारता बॉयलर बंद नसता केला?"

तिनं परोपरीनं समजावलं. त्याला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्याच हॉलमध्ये उभी राहिली.

"बुवा पळाला म्हणून हसू नका. त्याला डोक्यावर तुम्हीच घेतलं होतं. आवाज मोठा म्हणजे अक्कल मोठी नव्हे, आणि शंका काढणारा अडाणी नव्हे. कुणी कितीही ठासून सांगो, एवढंच विचारा, 'कशावरून?' आणि उत्तर मिळेपर्यंत मशीनला हात लावू नका."