लागाचं लुगडं

गिरजाबाई आणि प्रयागबाई सख्ख्या बहिणी, आणि सख्ख्या जावाही. थोरल्या गिरजाबाईनंच सासूच्या मागे लागून धाकटीला दिरासाठी मागून आणली होती. "परकी येऊन उरावर बसण्यापरीस माही पयागच बरी," म्हणायची. शेलूबाजारच्या अलीकडे त्यांचा मळा. एक विहीर, एक मोट, वांग्या-मिरच्यांचे वाफे. बाजाराच्या दिवशी दोघी डोक्यावर पाट्या घेऊन निघत. एकीचा माल संपला की ती दुसरीच्या पाटीतलं विकायला बसे. गिऱ्हाईक कुणाचं, हे कधी कुणी विचारलं नाही.

एकाच बाबतीत दोघींचं नशीब वेगळं होतं. गिरजाबाईची कूस उजवली नव्हती. प्रयागचं पहिलं वाया गेलं होतं, आणि आता तिला पुन्हा दिवस होते.

त्या ज्येष्ठात प्रयाग पोट सांभाळत विहिरीमागून धावत आली. "बाई! बाई वं! धुऱ्यावर लाग लागला!"

गिरजाबाईच्या हातातलं खुरपं गळालं. लाग म्हणजे सापांचं जोडपं. एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले साप दिसले, की त्यांच्यावर कोरं कापड टाकायचं आणि पाठ फिरवून हात जोडायचे. नवरा-बायकोच्या एकांताकडं जो बघेल त्याचा वंश बुडतो, म्हणत. साप निघून गेले की कापड उचलून पेटीत ठेवायचं. मग त्या घरात पाळणा हलतो.

प्रयागच्या अंगावर ठिगळाचं लुगडं. अखजीला, अक्षय्य तृतीयेला, भावानं दोघींना एकेक नवं पाठवलं होतं, पण प्रयागला दम कुठला! तिनं आपलं त्याच दिवशी नेसून टाकलं होतं. गिरजाबाईच्या हिरव्या लुगड्याची घडीही मोडली नव्हती. ती घरात धावली, लुगडं घेऊन आली आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लांबूनच फेकलं.

मग दोघी पाठ करून, हातात हात घालून उभ्या राहिल्या. मागं धपधप आवाज येत होता, गवत मोडत होतं.

"बाई, केवढा जोर वं त्याइचा!" प्रयाग कुजबुजली.

"गप. हसू नको. पाप लागन."

हे म्हणताना गिरजाबाईलाच हसू फुटलं. दोघी पदर तोंडात कोंबून हसल्या. दोघी एकत्र हसल्या ते शेवटचं. पुन्हा नाही.

साप गेले. गिरजाबाईनं लुगडं उचललं तशी प्रयागनं हात पुढं केला. "दे."

"काहून? लुगडं माहं हाय."

"साप मले दिसले."

"मंग तुहंच ठिगळाचं टाकाचं होतं."

प्रयागचा चेहरा उतरला. "माहं पहिलं वाया गेलं, बाई. हे तरी जगू दे."

"अन् मले वाया जायाले तरी कुठी झालं वं?"

दोघी एकेक टोक धरून घरापर्यंत आल्या. बाजेवर बसलेल्या सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फळ धरलेल्या झाडाले टेकू देतेत. वांझोट्या झाडाले कोणी देते का?"

दौलतराव, गिरजाबाईचा नवरा, तिथंच विळ्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

गिरजाबाईनं लुगड्याची घडी स्वतःच्या हातानं घातली. बहिणीच्या हातात देताना एवढंच म्हणाली, "घे. पाहू कसं फळते."

कार्तिकात प्रयागला मुलगा झाला. पाचवी पुजायच्या आतच तो गेला. तिनं त्याला त्याच हिरव्या लुगड्यात गुंडाळलं, आणि तसाच पुरायला दिला. गिरजाबाई जवळ बसायला गेली तर म्हणाली, "उठ. तू घडीत शाप घालून देला होता."

त्याच साली दौलतराव आणि त्याच्या धाकट्या भावानं वाटणी केली. धुऱ्यावर बोराटीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण आलं, विहिरीवर पाळ्या लागल्या. बाजारात बहिणी समोरासमोर बसू लागल्या. एकीनं वांग्याचा भाव सांगितला की दुसरी उतरवून सांगे. गिऱ्हाइकांची चंगळ झाली.

अशी कैक वर्षं गेली. एका ज्येष्ठात गिरजाबाई एकटीच मिरच्या तोडत होती, आणि धुऱ्याशी पुन्हा लाग लागला. कोरं लुगडं घरात नव्हतं. अखजीचं लुगडं ती आता आल्या दिवशीच नेसून मोडायची. या वेळी तिनं पाठ फिरवली नाही. बुडायला वंश होता कुठं?

ती बघत राहिली. दोन्ही साप कमरेएवढे उभे राहत. एकाचं डोकं वर गेलं की दुसरा त्याच्याही वर जाई, मानेवर भार टाकी आणि त्याला जमिनीवर आपटे. पुन्हा पीळ, पुन्हा आपटणं. लाडाचं त्यात काही नव्हतं. शेवटी एकानं दुसऱ्याचं डोकं मातीत दाबून धरलं. दबलेला सुटला आणि पळाला. जिंकलेला वळून बोराटीच्या सावलीत गेला. तिथं तिसरी धामण केव्हाची निवांत पडली होती. तो तिच्या अंगावरून सरपटत तिला बिलगला.

पलीकडे प्रयाग घागर भरत होती. गिरजाबाईनं बोराटीची फांदी बाजूला सारली.

"पयाग!"

प्रयागनं वर पाहिलं. इतक्या वर्षांत तिला या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

"पयाग, ते जोडपं नोतं वं. दोघंबी नर होते. मादीसाठी भांडून राह्यले होते. आपण पाठ केली म्हणून समजलं नाई. त्या लुगड्यात काईच नोतं, पयाग. ना आशीर्वाद, ना शाप."

प्रयागनं घागर खाली टेकवली.

"लुगड्यात काईच नोतं," ती म्हणाली, "तं माहं लेकरू कायनं गेलं?"

गिरजाबाईनं फांदी आणखी बाजूला सारली.

"सापाइचं मले नको सांगू. 'पाहू कसं फळते' हे काई सापानं म्हणलं नोतं."

तिनं घागर कमरेवर घेतली. कुंपणाशी आली, आणि बाजूला सरलेली बोराटी पायानं पुन्हा जागेवर ढकलली. काटा तिच्या घोट्यात मोडला. तिनं वाकून पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या बाजारी गिरजाबाईनं वांग्याचा भाव सांगितला. समोरून प्रयागनं उतरवून सांगितला. गिरजाबाई थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग तिनंही आणखी उतरवला.