दुःखातला कोलन

दुपारी तीनच्या सुमारास जयमाला खानविलकरांच्या दुकानात सहसा कुणी येत नसे. नेरूळ स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. भाडेकरार, अर्ज, लग्नपत्रिका, अहवाल असं मराठी आणि हिंदी टायपिंग त्या सत्तावीस वर्षं करत होत्या. पानं नीट दिसली पाहिजेत, एवढा एकच कटाक्ष. त्यांच्या हातची ओळ वाकडी गेलेली कुणी पाहिली नव्हती.

त्या दुपारी मोबाइल वाजला.

"जयमाला मॅडम? मी सुगत सोनकांबळे. बेलापूरला सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर आहे. आमच्या वेबसाइटवर हिंदीची एक पुस्तिका आहे. शेवटच्या पानावर इंग्रजीत तुमचं नाव आणि नंबर आहे, म्हणून फोन केला."

"हो, ती मीच टाइप केली होती. फार वर्षं झाली त्याला. काही चुकलंय का?"

"ते कळायला वाचता तर यायला पाहिजे. अख्ख्या पुस्तिकेत मला तेवढंच वाचता आलं."

जयमालाबाईंना आधी वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. त्यांनी फोन खांद्याला धरून ती साइट उघडली. पान समोर आलं. देखणी अक्षरं, समास सारखा, सगळं जागच्या जागी.

"माझ्याकडे तर स्वच्छ दिसतंय."

"सगळे हेच म्हणतात," सुगत म्हणाला. "मॅडम, मला दिसत नाही. जन्मापासून. मोबाइल मला वाचून दाखवतो. बाकी हिंदी साइट छान वाचतो, पण तुमच्या पानावर आला की इंग्रजी अक्षरं बडबडतो. मी एकेक अक्षर सांगू? एच, के, के, जे, आर."

"भारत," जयमालाबाई म्हणाल्या. विचार न करताच म्हणाल्या.

सुगतने घाईघाईने पुढचा शब्द काढला.

"आता हा. आय, के, यू, एच."

"पानी."

"आणि ते 'उघा' काय आहे? ओळीओळीत येतं. यू, जी, एच, ए."

"नहीं. अहो, ते नहीं आहे!"

सुगत इतका मोठ्याने हसला की जयमालाबाईंनाही हसू आलं. पण फोन ठेवल्यावर ते ओसरलं. झाला प्रकार त्यांच्या लक्षात आला होता. जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असत. क दाबायचा तर डी, र दाबायचा तर जे. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरी रूप चढवायचा. डोळ्यांना भारत दिसायचा. आत मात्र एच, के, के, जे, आर एवढंच. त्यांच्या बोटांना ही भाषा इतकी पाठ होती की ही अडचण कुणाला येत असेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच सुगतला फोन केला. त्याला नोव्हेंबरात खात्याची हिंदीची परीक्षा द्यायची होती आणि अभ्यासाला हीच पुस्तिका होती. चौदा धडे. घरी बायको संघप्रिया वाचून दाखवायची, पण ती उलव्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिच्या ड्युट्यांचा नेम नव्हता.

"जुनी फाइल आहे माझ्याकडे," जयमालाबाई म्हणाल्या. "युनिकोडमध्ये करून पाठवते, म्हणजे आतही देवनागरीच राहील. दोन दिवसांत."

दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळालं, पण त्याने जोडाक्षरांची वाट लावली. 'मूर्ति'मधली वेलांटी त च्या आधीच सुटी पडली आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. त्या चुका डोळ्यांना दिसत होत्या, म्हणून दुरुस्त झाल्या. पहिला धडा तीनदा वाचून, चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचून त्यांनी सुगतला पाठवला. आता यात काही सापडायचं नाही, अशी त्यांची खात्री होती.

जेवणाच्या सुट्टीत सुगतचा फोन आला.

"मॅडम, मस्त झालंय. फक्त दुःखात कोलन कुठून आला?"

"कसला कोलन?"

"माझा मोबाइल म्हणतो, दु कोलन ख."

जयमालाबाईंनी पाहिलं. विसर्गाच्या जागी त्यांनी वर्षानुवर्षं कोलन मारला होता. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय ओळी सारख्या बसाव्यात म्हणून 'परीक्षा' मध्येच तोडून रेघ मारलेली. ती आता ओळीच्या मधोमध आली होती आणि मोबाइल परी आणि क्षा असे दोन वेगळे शब्द वाचत होता. सत्तावीस वर्षांत त्यांच्या प्रुफात एवढ्या चुका कुणी काढल्या नव्हत्या. त्या थोड्या चिडल्यासुद्धा.

"हे असं कोण ऐकतं?" त्या म्हणाल्या आणि म्हणता म्हणताच ओशाळल्या.

"मी ऐकतो," सुगत साधेपणाने म्हणाला.

तेव्हापासून रोज दीड ते दोन हे ठरून गेलं. तिकडे सुगत डबा खाता खाता ऐकायचा, इकडे त्या दुरुस्त करायच्या. 'मॅडम'ची हळूहळू 'ताई' झाली. ऑक्टोबरच्या मध्यावर चौदावा धडा संपला. सुगतला फाइल मिळालीच होती, पण ती साइटवरही जावी म्हणून जयमालाबाईंनी ती हिंदी अधिकारी देवस्थळींना पाठवली. सोबत पत्रही लिहिलं.

आठवड्याने सुगतने सांगितलं, "ताई, साइटवर नवीन टाकलंय. आधी निदान अक्षरं तरी बडबडत होता. आता तोंडच उघडत नाही."

त्यांनी साइट पाहिली. पुस्तिका होती, सुबक होती, पण अक्षरावर बोट ठेवून निवडायला गेलं तर काहीच निवडलं जाईना. त्यांच्या फाइलचा प्रिंट काढून, त्या पानांचे फोटो काढून कुणीतरी ते चढवले होते.

जयमालाबाईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि रिक्षा करून बेलापूर गाठलं.

देवस्थळी सज्जन माणूस. चहा मागवला. "बाई, तुमचे आभार मानायचेच होते. साइटचं काम बघणारे म्हणाले, फॉन्टची भानगडच नको, फोटो टाकू. आता कुठल्याही मोबाइलवर दिसतं."

"दिसतं," जयमालाबाई म्हणाल्या. "तुमच्या तळमजल्यावरच्या सुगतना जरा वर बोलावता?"

सुगत पांढरी काठी घेऊन आला. तिशीचा, उंच, इस्त्रीचा शर्ट. त्यांना तो पहिल्यांदाच दिसत होता. त्याने आवाजाच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्या कल्पनेपेक्षा बुटक्या आहात. आवाज खालून येतोय."

मग त्याने साइट उघडून मोबाइल टेबलावर ठेवला. मोबाइल म्हणाला, "इमेज." पुढचं पान. "इमेज." देवस्थळी वाट पाहत राहिले. "इमेज." चौथ्या पानाला त्यांनी कप खाली ठेवला.

"आता ताईंची फाइल," सुगत म्हणाला. पहिला धडा सुरू झाला. बाईचा यांत्रिक आवाज, पण हिंदी अगदी शुद्ध. दुःख हा शब्द आला आणि कोलन न म्हणता पुढे गेला. देवस्थळींनी धडा संपेपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही.

"हे मला कुणी दाखवलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"मी तीन अर्ज दिलेत, सर," सुगत म्हणाला.

"ते माझ्याकडे आलेत. त्यावर मी शेरा मारला होता: पान व्यवस्थित दिसत आहे." देवस्थळींनी हे खाली बघून सांगितलं. नंतर त्यांनी टिपण लिहायला कागद ओढला.

टिपण वर गेलं, खाली आलं, साइटवाल्यांकडे अडलं. खरी पुस्तिका चढेपर्यंत डिसेंबर उजाडला. तोवर सुगतची परीक्षा होऊन गेली होती. लेखनिकाला त्याने उत्तरं सांगितली, आणि शंभरात एकाहत्तर मिळवून तो पास झाला. जयमालाबाईंना त्याने फोनवर आकडा सांगितला तेव्हा त्या एका लग्नपत्रिकेत अडकल्या होत्या. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ त्यांनी पत्रिकेला हात लावला नाही.

त्या साइटवर जयमालाबाईंनीच टाइप केलेल्या तशाच आणखी नऊ पुस्तिका निघाल्या. देवस्थळी म्हणाले, पुढच्या वर्षी मंजुरी घेऊ. जयमालाबाई मंजुरीसाठी थांबल्या नाहीत. त्यांनी सगळ्यात पातळ पुस्तिका आधी घेतली, सरकारी शब्दांची यादी. रूपांतर केलं, स्वतः वाचलं नाही. संगणकाला वाचायला लावून डोळे मिटून बसल्या. तिसऱ्याच शब्दाला त्यांनी कपाळावर हात मारला आणि सुगतचा नंबर लावला.

"बोला ताई. डबा उघडतोय."

"'क्रमशः' ऐका," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, मी परत तेच केलंय."