बेटावरच्या घोड्या

त्या वर्षी लेना नदीचा बर्फ लवकर सैल झाला, आणि माझा शेजारी न्युकुलाय याच्या घोड्या अजून समोरच्या बेटावरच होत्या. हिवाळाभर त्या तिथंच बर्फ उकरून गवत खातात. नदीवरचा बर्फ फुटायच्या आत त्यांना गोठलेल्या पात्रावरून अलीकडे आणायचं असतं. पण एक घोडी व्यायला झाली होती. ती मोकळी झाली की सगळ्यांनाच आणतो, असं तो म्हणत राहिला. त्याची बायको ओग्दो रोज त्याच्या मागे लागायची. शिंगरू झालं तोवर बर्फ काळा पडला होता, माणसाचंही वजन पेलत नव्हता.

दुसऱ्या सकाळी नदी फुटली. बर्फाच्या घराएवढ्या लाद्या खालच्या वळणावर अडकल्या आणि पाणी तुंबून मागं चढू लागलं. घोड्या बेटावरच्या उंचवट्यावर अंगाला अंग लावून उभ्या होत्या, शिंगरू मधोमध.

न्युकुलायनं होडी पाण्याकडे ओढली. आम्ही तिघा शेजाऱ्यांनी त्याला धरलं. तो झटापट करत नव्हता, फक्त होडीची कड सोडत नव्हता.

"सोडा रे. त्या माझी वाट बघतायत."

"बघू देत," ओग्दो म्हणाली. "मग मी कुणाची वाट बघत बसू, म्हाताऱ्या?"

त्याची बोटं सुटली.

मदत मागायला मी तालुक्याला फोन लावला. वरच्या गावात माणसं छपरांवर बसली होती, हेलिकॉप्टर तिकडं गुंतलं होतं. तिथला साहेब समजुतीनं बोलला. त्याच्यावर चिडायचं तरी कसं?

इकडं आमचा काठही खचत होता. गोठलेल्या मातीतला बर्फ पाण्यानं वितळायचा आणि झाडांसकट दरड खाली जायची. आम्ही मागं सरकत होतो. न्युकुलायला हाताला धरून मागं न्यावं लागत होतं.

दुपारी पाणी घोड्यांच्या पोटाला लागलं. मग वळणावरचा बर्फाचा बांध तोफेसारखा फुटला, आणि तुंबलेला बर्फ एकदम बेटावरून घसरत गेला.

दोन घोड्या वाचल्या. नुकतीच व्यालेली त्यांत होती, शिंगरू नव्हतं. नदीत बर्फ वाहत होता, तोवर तिकडं जाता येईना. ती घोडी बेटाच्या काठानं येरझाऱ्या घालायची, आणि न्युकुलाय अलीकडून नुसता बघायचा.

शेवटी होडी गेली तेव्हा तिची कास दूध साचून दगडासारखी झाली होती. ओग्दोनं मऊ बोलत हात लावला. घोडीनं दूध काढू दिलं नाही.